एका वेळी एकच डबा

टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा.
आणि ती दारू टेबलावर असेल
तेव्हा दुसरी दारू कुणाच्या पोटात नको.
हा ऊर्हो कांगसचा पहिला नियम.
दुसरा नियम : पहिला पुन्हा वाच.

सुपीरियर सरोवराच्या काठचं आमचं गाव,
तांब्याच्या खाणी मिटल्यावर उरलेलं तेवढं.
ऑक्टोबरात पाण्यावरून बोचरं वारं सुटलं
की सौनामागच्या खोलीत इसा दिवा लावायचा.
इसा म्हणजे बाप, आमच्या फिनिश घरात.
रेडिओ बंद. पाइप बाहेर, पायरीवर, थंड.
गप्पा हरणाच्या मोसमात.
नऊ वर्षांची मी, डोळ्यांवर त्याचाच ढगळ चष्मा,
हातात बॅटरी.
लाकडी ठोकळ्यात उभ्या पन्नास पुंगळ्या,
पन्नास पितळी विहिरी,
मी एकेकीत वाकून बघायचं
पाणी सगळ्यांत एकाच पातळीला आहे ना.

"काळी दारू बरी होती," तो म्हणायचा,
"धूर काढून सांगायची तरी, मी इथे आहे म्हणून.
ही बिनधुराची. घुमी.
छोट्या पुंगळीत दुप्पट पडली
तरी काठापर्यंत येत नाही.
कळतं ते बंदूक फुटल्यावर,
आणि कळायला तेव्हा बोटं नसतात."

तराजू सोनाराच्या तोडीचा.
रोज आधी तराजूचीच परीक्षा,
ठरलेलं वजन ठेवून. गुंजभर खोटा निघाला
तर त्या रात्री सुट्टी.
पुस्तकातला आकडा खालून चढायचा,
घाई झाली म्हणून वरून उतरायचा नाही.
शेजारचा आर्मास काय भरतो
ते आर्मासच्या बंदुकीला विचार, माझ्या नको.
आणि लेबल नसलेली दारू?
ती दारू नाही, बटाट्यांचं खत.

परवाच्या शरदात तो त्र्याऐंशीचा.
मी पुल्ला घेऊन गेले, वेलदोड्याचा, अजून गरम.
खोलीत दिवा होता. रेडिओ बंद होता.
पाइप पायरीवर होता.
टेबलावर दोन डबे उघडे.

ह्याचं झाकण त्याच्यावर,
त्याचं कुठेच नाही.
पन्नास काडतुसं मात्र तयार,
ओळीत, चकचकीत, शाळेच्या फोटोसारखी.

आग लागली की धूर दिसतो म्हणतात.
मी मागचे महिने आठवून पाहिले.
फोनवर दोनदा सांगितलेली एकच गोष्ट,
आईच्या नावाने मला मारलेली हाक.
धूर म्हणण्यासारखं काही नव्हतं.

मी बोलले नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं,
मग डब्यांकडे, बराच वेळ,
परक्याच्या घरात पाऊल पडल्यासारखा.
मग स्वतःच उठला, दोन्ही डबे घेतले,
वाफ्यात नेऊन ओतले, पातळ पसरून,
मीठ शिंपडावं तसे.
आत येऊन गोळी उपसायची हातोडी
माझ्या हातात दिली.
रात्रभर आम्ही भरलेलं रिकामं करत होतो.
ठक्. ठक्. पुल्ला गार झाला.

या वर्षी मी भरते. तो स्टुलावर,
चष्मा कपाळावर सरकलेला, मी खाली ओढते,
तो पुन्हा वर सरकवतो.
बॅटरी त्याच्याकडे.
आर्मास गेला हे त्याला रोज नव्याने कळतं,
पण पुंगळ्या मोजायला लागला
की आजीच्या भाषेत न अडखळता :
युक्सी, काक्सी, कोल्मे.
मी मान डोलावते, नातवाचं पाठांतर ऐकावं तशी,
मन अर्धं त्याच्यात, अर्धं रस्त्यावरच्या बर्फात.

सदतिसाव्यावर तो थांबला.
उजेड हलेना.

"झालं का, इसा?"
"बघ."
"मी बघितलंय."
"बघ."

वाकले.
कोरडी विहीर. तळाचं पितळ दिसत होतं.
चूक माझी.

त्याने बॅटरी विझवली नाही.
"सगळ्या काढ," म्हणाला, "पहिल्यापासून."
आणि मी पन्नासही उलट्या केल्या,
दारू डब्यात, झाकण त्याच डब्याचं,
तराजू शून्यावर.